‘नको’ म्हणजे नकोच!

जर्मनीला शिकायला जाताना कुठली कागदपत्रं आणि किती स्वेटर न्यायचे, हे सगळे सांगतात. तिथल्या माणसांमध्ये राहायचं कसं, हे मात्र गेल्यावरच कळतं. निघण्याआधीच थोडं समजून घेतलं तर?

तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी सध्या नक्की जर्मन शिकत असणार. पुण्यात असाल, तर एक नाही, चार-पाच जण असतील. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, इंजिनीअरिंगचं नाव मोठं आहे आणि मास्टर्सचे बरेच कोर्स इंग्रजीतून करता येतात. २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. बाहेरून तिथे शिकायला आलेल्यांत आपला गट आता चीनपेक्षाही मोठा आहे.

त्यामुळे जायचं कसं, याची माहिती ढीगभर मिळते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवायचे (हा २०२४ मध्ये ठरलेला आकडा), इन्शुरन्स कोणता घ्यायचा, प्रेशर कुकर किती लिटरचा न्यायचा, सगळं. पण राहायचं कसं, हे तिथे असलेल्या मराठी मुलामुलींना विचारून बघा. बोलणं कागदपत्रांवरून पटकन जेवणाच्या ताटावर येतं.

दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही

समजा, जर्मन वर्गमित्राने तुम्हाला घरी जेवायला बोलावलंय. तुम्ही सातच्या ठोक्याला पोचलात, दारात बूट काढलेत (बहुतेक जर्मन घरांतही बूट बाहेरच काढतात, एवढं तरी ओळखीचं!). जेवताना त्याने विचारलं, अजून वाढू का? तुम्ही सवयीने म्हणालात, नको नको.

आपल्याकडे हा पहिला ‘नको’ म्हणजे नुसता रिवाज. त्यानंतर यजमानाने ‘असं कसं, अर्धी तरी’ म्हणायचं, आपण ताटावर हात आडवा धरायचा, त्याने हाताच्या फटीतून पोळी सरकवायची आणि मग आपण ती आनंदाने खायची. आग्रहाशिवाय जेवण म्हणजे आपल्या आज्यांच्या मते पाहुण्याचा अपमानच. जर्मनीत मात्र तुम्ही ‘नको’ म्हणालात, की भांडं उचलून आत जातं. विषय संपला. तुम्ही अर्धपोटी आणि यजमान निवांत, कारण पाहुण्याचं पोट भरलंय. पाहुण्यानेच तसं सांगितलं ना!

यात कंजूषपणा अजिबात नाही. तुम्ही नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं, म्हणजे तुमच्या शब्दावर शंका घेणं, असा त्याचा हिशोब असतो. हाच हिशोब उलट्या बाजूनेही लागू होतो. निघताना तुम्ही म्हणालात, ‘चला, भेटू कधीतरी’, तर तो मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून विचारेल, ‘कधी? पुढचा गुरुवार चालेल?’ आपलं ‘बघू’, ‘कधीतरी’, ‘करू काहीतरी’ हे सगळं त्याच्यासाठी अपूर्ण वाक्य आहे.

तिथे तुम्ही जे बोलता, ते जसंच्या तसं धरलं जातं. जे बोलत नाही, ते नाहीच असं समजलं जातं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत, तर तिथल्या कितीतरी विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. सुरुवात चांगल्या बाजूने करू.

गेट नाही, गल्ला आहे

बर्लिनच्या किंवा म्युनिकच्या मेट्रो स्टेशनवर तुम्ही सरळ आत जाता. कार्ड टॅप करायचं गेट नाही, टोकन नाही. मुंबईकर म्हणतील, त्यात काय, लोकललाही कुठे गेट असतं? खरंय. पण आपला टीसी लांबूनच ओळखू येतो. तिथे तुमच्या शेजारी हेडफोन लावून बसलेला, जीन्समधला माणूस अचानक उठून तिकीट मागतो. नसेल तर ६० युरो दंड. मशीन बंद होतं, मी इथे नवीन आहे, यातलं काही चालत नाही. विश्वास आधी टाकला होता, तुम्ही तो मोडलात, एवढंच.

गावाबाहेर गेलात तर याहून भारी गोष्ट दिसते. रस्त्याच्या कडेला ग्लॅडिओलस किंवा सूर्यफुलांचं शेत. बाजूला सुरी बांधून ठेवलेली, दरांची पाटी आणि एक लोखंडी गल्ला. आसपास चिटपाखरू नाही. हवी तेवढी फुलं कापायची, पैसे गल्ल्यात टाकायचे आणि जायचं. शरद ऋतूत असेच लाल भोपळ्यांचे ढीग मांडलेले असतात.

बाटल्यांचंही तसंच. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेताना २५ सेंट जास्त द्यावे लागतात. याला म्हणतात ‘फांड’, म्हणजे अनामत. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली, की चिठ्ठी मिळते आणि बिलातून तेवढे पैसे वजा होतात. आपल्या सोड्याच्या काचेच्या बाटलीचीच ही मोठी बहीण. महिनाअखेरीस होस्टेलवरची मुलं बाटल्यांच्या पिशव्या घेऊन दुकानाकडे निघालेली दिसली, तर समजा खात्यात खडखडाट आहे.

पण नीट बघितलंत, तर बऱ्याच शहरांत अशा रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभ्या करून ठेवलेल्या दिसतात. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्यांना डब्यात हात घालावा लागू नये, म्हणून. ना कुणी आभार मानत, ना कुणाची ओळख होत. त्यांच्याकडची माणुसकी बऱ्याचदा अशी न बोलता, थोडं अंतर ठेवून येते.

रविवार नावाचा धक्का

पहिल्या आठवड्यातला हमखास अनुभव म्हणजे रविवारी फ्रिज रिकामा असणं. आपल्याकडे रविवार म्हणजे मार्केट, मॉल, पाहुणे. तिथे सुपरमार्केटपासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत सगळं बंद. एखादी बेकरी सकाळी थोडा वेळ उघडते, मोठ्या स्टेशनांवरची दुकानं आणि पेट्रोलपंप चालू असतात, बाकी सामसूम. हे कुणा दुकानदाराच्या मर्जीवर नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे, हे त्यांच्या राज्यघटनेत लिहिलंय. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम आजच्या घटनेनेही जसंच्या तसं ठेवलंय.

विश्रांती म्हणजे शांतताही. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक कंटेनरमध्ये फेकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. एरवीही रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. मित्राच्या वाढदिवसाला बाराच्या ठोक्याला ‘बार बार दिन ये आये’ सुरू झालं, तर शेजारी दार वाजवणार. दोनदा सांगून झालं, की तिसऱ्यांदा पोलिसही येऊ शकतात.

वाढदिवसावरून आठवलं. केक ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच आणायचा. तुम्ही वाट बघत बसलात की ग्रुप सरप्राइज देईल, तर दिवस तसाच मावळेल. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा तर अजिबात द्यायच्या नाहीत, ते अशुभ समजतात.

तोंडावर सांगणारे शेजारी

आता जरा टोचणारी बाजू. जर्मन माणूस चूक दिसली की तोंडावर सांगतो. बायोकचरा तपकिरी डब्यात, कागद निळ्या, पॅकिंगचं प्लॅस्टिक पिवळ्या आणि उरलेलं काळ्या किंवा करड्या डब्यात. (रंग गावानुसार थोडे बदलतात.) काचेचेही पांढरी, हिरवी, तपकिरी असे वेगळे कंटेनर. तुम्ही पिझ्झाचा तेलकट खोका कागदात टाकलात, तर खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात थांबवून सांगतील. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवल्यात आणि कुकरच्या वाफेने भिंतींना बुरशी आली, तर घरमालक ‘श्टोसल्युफ्टन’वर व्याख्यान देईल. म्हणजे बाहेर बर्फ पडत असला, तरी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. श्टुटगार्टकडे तर जिना झाडायची पाळी असते आणि ती आली, की तुमच्या दारावर पाटी लटकते.

रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावर, एकही गाडी नसताना, लाल सिग्नलला थांबलेली माणसं बघून तुम्हाला हसू येईल. दंड फक्त ५ युरो आहे. लोक थांबतात त्याचं एक कारण मात्र ऐकण्यासारखं आहे: एखादं लहान मूल बघत असेल, तर ते काय शिकेल?

आपल्याला हे टोकणं फार लागतं. आपल्याकडे बाहेरचं कुणी तोंडावर बोललं, म्हणजे भांडणच. तिथे बहुतेक वेळा त्यात राग नसतो. सांगून झालं, की त्याच आजी ‘शोनन टाग’, म्हणजे दिवस छान जावो, म्हणून निघून जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनात काही नसतं, आपण मात्र आठवडाभर कुढत बसतो.

अर्थात सगळंच ‘त्यांची पद्धत’ म्हणून सोडून द्यायचं नाही. खोली शोधताना परकं नाव बघून उत्तरच न येणं, ट्रेनमध्ये रंगावरून शेरा ऐकावा लागणं, हेही तिथे घडतं आणि त्याला भेदभाव हेच नाव आहे. अशा वेळी गप्प न बसता विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवायचं. आणि ‘जर्मन म्हणजे वक्तशीर’ या समजुतीला तर त्यांची रेल्वेच दररोज सुरुंग लावते. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवर धरून!

अटेंडन्स नाही, आठवणही नाही

कॉलेजचं सांगते, तिथे तर हा सगळा मामला करिअरवर येतो. ऐकून आनंद होईल, की बहुतेक लेक्चर्सना ७५ टक्के अटेंडन्सची भानगड नाही. वेळापत्रकात दहासमोर ‘सी.टी.’ लिहिलं असेल, तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, ती जुनी विद्यापीठीय सवलत. लेक्चर संपलं, की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. मार्कांचं गणित उलटं: १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. घरी आधीच समजावून ठेवा, नाहीतर ‘एकच मिळाला?’ म्हणून फोन येईल.

गंमत इथे संपते. परीक्षेला बसायचं, तर स्वतः नोंदणी करावी लागते. तारीख चुकली, तर त्या वेळची परीक्षा गेली. नोटीस बोर्डासमोर गर्दी नसते, सीआर ग्रुपवर दहा वेळा मेसेज टाकत नाही, ऑफिसमधले काका ‘आज शेवटची तारीख आहे रे’ म्हणून हाक मारत नाहीत. अनेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात, तर नाव काढून टाकतात आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. कोर्स गेला की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता तर तसाच असतो.

आता ताटाची गोष्ट आठवा. प्राध्यापक वाईट नसतात. ते आठवड्यातून ठरावीक वेळी विद्यार्थ्यांना भेटतातही. ईमेल करून वेळ घ्या, मला हे समजत नाहीये असं स्पष्ट सांगा, ते अर्धा तास देतील. पण तुम्ही मागच्या बाकावर पडलेल्या चेहऱ्याने बसलात आणि सरांनीच ‘काय झालं?’ विचारावं अशी वाट बघितलीत, तर सेमिस्टर संपेल. तुम्ही विचारलं नाही, म्हणजे तुम्हाला समजलंय, असं ते धरून चालतात.

चार वाजता रात्र

सगळ्यात कठीण असतो तो पहिला हिवाळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. त्यात आभाळ भरलेलं. रूममेट भला असतो, पण त्याचं दार बंद. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आपल्यासारखी दारं उघडी टाकून कुणी गप्पा मारत नाही. घरून फोन आला, की आपण ‘मजेत’ म्हणतो. निदान आई आवाजावरून ओळखते आणि तिसऱ्यांदा विचारते, खरं सांग. तिथे तिसऱ्यांदा विचारणारं कुणी नसतं.

त्या दिवसांत मनात येतं, की आपण कुणाला नकोच आहोत. तिथे राहून आलेल्या बहुतेकांनी हे दिवस काढलेत. पण ते बंद दार बऱ्याचदा एवढंच म्हणत असतं: तू एकटं राहायचं ठरवलं असशील, मी मध्ये येत नाही. दार वाजवलंत, तर उघडतं. फक्त वाजवावं तुम्हाला लागतं.

आणि दारं आहेतही भरपूर. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत संस्था आहेत. त्यांना ‘फेराइन’ म्हणतात. बुद्धिबळ, गाणं, डोंगरभटकंती, अग्निशमन, काहीही. विद्यापीठाच्या स्पोर्ट्स विभागात अगदी कमी पैशांत बॅडमिंटनपासून क्लाइंबिंगपर्यंत शिकता येतं. दर मंगळवारी सहाला जात राहिलात, की चौथ्या-पाचव्या मंगळवारी कुणीतरी नावाने हाक मारतं. तिथली मैत्री अशी नियमित भेटण्यातून होते. ‘टँडेम’ नावाचा प्रकारही आहे: तुम्ही एखाद्याला इंग्रजी किंवा हिंदी शिकवायचं, त्याने तुम्हाला जर्मन. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, मोदकही मिळतात. जरूर जा. फक्त सातही दिवस मराठी ग्रुपमध्येच राहिलात, तर जर्मनी खिडकीतूनच दिसेल.

मन खूपच खाली गेलं, तर विद्यार्थ्यांसाठीच्या ‘श्टुडिरेंडनवेर्क’ या संस्थेकडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी मोफत, आणि बरेचदा इंग्रजीतूनही बोलता येतं. अपॉइंटमेंट मागावी लागते, इतकंच. ती मागण्यात काहीही कमीपणा नाही.

मराठीची थोडी मदत

एका बाबतीत आपण इंग्रजीवाल्यांपेक्षा पुढे आहोत. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ असतं, म्हणजे तू आणि तुम्ही. वर्गमित्राला पहिल्या दिवसापासून डू, प्राध्यापकांना आडनावासह झी. समोरची मोठी व्यक्ती स्वतः ‘आपण डू म्हणू या’ म्हणेपर्यंत थांबायचं. अहो-जाहोमध्ये वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, तो-ती-ते सारखीच. हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिलं, मराठीने जपलं. ‘ते मूल’ म्हणणाऱ्या माणसाला ‘दास किंड’ का बरं अवघड जावं?

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. तिथे इमारतीत फ्लॅट नंबरवर पत्र येत नाही, नावावर येतं. बेलवर आणि टपालपेटीवर तुमचं नाव नसेल, तर बँकेचं कार्डसुद्धा परत जातं. नाव लावलंत आणि तुम्ही कॉलेजात असताना पार्सल आलं, तर पोस्टमन ते शेजाऱ्यांकडे देऊन पेटीत चिठ्ठी टाकतो. ती चिठ्ठी घेऊन शेजाऱ्यांचं दार वाजवा. पार्सल घ्या, आपलं नाव सांगा. आणि त्यांनी कॉफी विचारली, तर कृपा करून ‘नको नको’ म्हणू नका!

जाणार असाल तर…

• राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करा. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, आधीच घ्या.

• रेडिओ-टीव्हीची वर्गणी प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो आहे. घरी टीव्ही नसला तरी द्यावी लागते. शेअर्ड फ्लॅटमध्ये मिळून एकच भरतात, त्यामुळे रूममेट्सना विचारा.

• शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. थोडी रोकडही जवळ असू द्या, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

• परीक्षा नोंदणीच्या तारखा सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच कॅलेंडरमध्ये टाका.

• कोर्स इंग्रजीत असला, तरी निघण्याआधी जर्मन शिका. शेजारच्या आजी इंग्रजीत टोकत नाहीत!